कारण: कौटुंबिक

नाही हो, झोपच नाही झाली, म्हणून डोळे असे दिसतायत – रडले नाहीये. रडले असते तर सांगितलं असतं. बसा ना बेंग्ट, ती खुर्ची नको, तिच्यावर हेड्डाचे ओले हातमोजे आहेत, इकडे बसा. कॉफी टाकलीय. फोटोंची फाइल न्यायला आलात ना, देते, पळून जात नाही ती. तर झोप का नाही झाली – तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी मला जागायला कारण लागत नाही, मुलीला ताप नसला तरी थर्मामीटर शोधणारी बाई मी. पण काल कारण होतं. काल जेवताना हेड्डा बटाट्यात काटा फिरवत म्हणाली, अगदी सहज, 'मम्मा, आल्विन म्हणतो माझ्यामुळे आपली टीम खाली गेली.' आल्विन म्हणजे शेजारचा, तो समोरच्या दोन दातांची फट असलेला. सुट्टी आहे ना, दिवसभर त्या बर्फाच्या टेकडीवर घसरगाड्या घेऊन असतात सगळे. मी विचारलं, 'मग तू काय म्हणालीस?' तर म्हणते, 'काही नाही. त्याची गाडी माझ्या गाडीपेक्षा जोरात जाते.' आणि आणखी जॅम मागितला. जॅम! सहा वर्षांच्या पोरीला कोणी सांगतं की तू जन्मलीस म्हणून अख्ख्या गावाचा संघ बुडाला, आणि ती जॅम मागते? रडली नाही, विचारलं नाही, काही नाही. मी मुलांच्या मनावरची पुस्तकं वाचलेली आई आहे, त्यात लिहिलंय – जे मूल रडत नाही त्याची काळजी करा. पुढच्या प्रकरणात लिहिलंय, जे रडतं त्याचीही करा. तर मी काळजी करत पडले. आत कुठेतरी साठवून ठेवत असेल का, विसाव्या वर्षी बाहेर काढेल का, असलं सगळं.

शेवटी पहाटे म्हटलं, चला, बेंग्टचं काम तरी करू. आपल्या आइस हॉकी क्लबची पंच्याहत्तर वर्षं, त्याचं पुस्तक, आणि त्यात माझं, म्हणजे तेवीस नंबरच्या सदऱ्यातल्या उल्रिकच्या बायकोचं, एक पान – 'मुलीसाठी स्टिक खाली ठेवणारा बाप', मथळाही तुम्हीच देऊन ठेवलेला. आणि मी लिहीत होते हो, चांगलं लिहीत होते. सतराव्या वर्षी मोठ्यांच्या संघात आलेला पोरगा, डाव्या कडेनं असा सुटायचा की अडवायला आलेला माणूस कठड्यावर आपटायचा आणि उल्रिक तोवर गोलापाशी. अमेरिकेतल्या एका क्लबनं नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याचं नाव घेतलं, तेही शेवटाकडे, सगळे घरी जायला निघाल्यावर – एक शिबिर करून आला, येताना एक टोपी आणि मोडलेलं नाक घेऊन. मग दोन वर्षं दक्षिणेत, एक फिनलंडमध्ये, आणि परत इथे, नऊ मोसम. आपल्याला वरच्या विभागात नेणारा तो गोल – गुडघ्यावर पडलेला असताना मारलेला, ज्यानंतर तुम्ही म्हाताऱ्या बायकांना मिठ्या मारत सुटला होतात, बेंग्ट, आठवतंय? नाक एकूण तीनदा, दात चार, गुडघा एक. सगळं लिहिलं. मग म्हटलं, शेवटच्या वर्षाचा एखादा फोटो बघावा, म्हणजे आठवेल. फाइल उघडली. तुमची फाइल. फोटोंच्या मागच्या कप्प्यात एक कागद.

तसा श्वास आत ओढू नका. मी इथलीच आहे, मला कळतं त्याचा अर्थ 'हो' होतो, पण आज जरा तोंड उघडून म्हणा. नाही? बरं. मी वाचते. 'बारा फेब्रुवारी. कलम सहा – उल्रिकचा करार वाढवू नये. आठ विरुद्ध शून्य.' शून्य, बेंग्ट. एकाला तरी म्हणता आलं असतं, अरे, तो आपल्याला वर घेऊन आलाय, एक वर्ष द्या. एकाचा हात तरी खाली राहायचा. 'कलम सात – कारण कौटुंबिक असे जाहीर करावे. खेळाडूस मान्य.' आणि खाली सही, चिटणीस. तुमची. किती सुबक अक्षर आहे हो तुमचं, दर नाताळला कार्डावर बघते मी ते.

काय? तुम्ही फक्त लिहून घेतलंत. हो, बरोबर, कोणीतरी लिहायला लागतंच. आणि त्या आठांत तुमचा हात होता का? – होता. बरं झालं विचारलं. कॉफी घ्या, गार होतेय. आपल्याकडच्या रीतीनं तिच्यात चीजचे तुकडे घातलेत, तुम्हाला आवडतात तसे. सवयीनं घातले, प्रेमानं नाही.

बारा फेब्रुवारी. हेड्डा तीन आठवड्यांची होती. मला तो दिवस असा आठवतो ना – मी या इथे बसले होते, अंगाला दुधाचा वास, केस चार दिवस न विंचरलेले, आणि उल्रिक आला, क्रीम भरलेल्या पावांचा डबा घेऊन. बूट न काढता आत आला. कधीच करत नाही तो असं. तेव्हाच कळायला हवं होतं, नाही का? पण मला वाटलं, बाळासाठी धावत आला. म्हणाला, 'डीसा, मी ठरवलंय. पुढच्या मोसमापासून नाही खेळणार. हिच्याजवळ राहणार, घरी.' आणि मी काय केलं असेल, सांगा. मी दोन दिवस त्याची समजूत घातली! 'असं करू नकोस, आमच्यासाठी सोडू नकोस, तुझ्या अंगात अजून दोन वर्षं आहेत, मी नोकरीवर उशिरा जाईन, माझी आई येईल, मी एकटी सांभाळेन.' पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं होतं. आणि तो मान हलवत राहिला – 'नाही डीसा, मुलगी आधी.' दोन दिवस! बेंग्ट, त्याला एकदाही असं वाटलं नाही का, की हिला आता थांबवावं, ही बिचारी बंद दारावर डोकं आपटतेय? मी रडत होते की माझ्यापायी त्याचं आयुष्य जातंय. आणि त्यानं मला जवळ घेतलं. समजूत काढली माझी. त्यानं, माझी!

आणि तो चांगला बाप निघाला हो, हीच तर पंचाईत. नऊ महिने घरी राहिला, लंगोट, दूध, बाबागाडी, सगळं. वाईट असता तर सोपं गेलं असतं मला.

मग पुढच्या मार्चमध्ये संघ खालच्या विभागात गेला. आणि गावाला कोण सापडलं? आठ हात वर करणारे नाही सापडले. मी सापडले. दुकानात ती पावांच्या काउंटरवरची गुनिला, बाळाच्या गालाला हात लावून म्हणाली, 'गोड आहे हो तुमचं बाळ. फक्त जरा महागात पडलं आम्हाला.' रांगेतले सगळे हसले. मीही हसले, मला तर कुठे हसू नये तेच कळत नाही. आणि तो बर्फ ढकलणारा गाडीवाला, लेन्नार्ट – सहा हिवाळे, बेंग्ट, सहा, रस्त्याचा सगळा बर्फ बरोबर आमच्याच फाटकासमोर आणून टाकतो. कमरेएवढी भिंत. उल्रिक म्हणतो, 'योगायोग आहे.' योगायोग! आता कळतंय, तो फावडं घेऊन इतका गप्प का असायचा. मला वाटायचं, किती शांत माणूस.

आणि मी ते सोसलं. का सोसलं? कारण मला वाटायचं – हे बघा, हसू नका – मला वाटायचं, त्या बदल्यात मला काहीतरी मिळालंय, जे गुनिलाला नाही मिळालं, लेन्नार्टच्या बायकोला नाही मिळालं. वर्तमानपत्रातलं ते कात्रण, तो आणि मांडीवर हेड्डा, मी पिवळं पडेपर्यंत फ्रिजवर ठेवलं होतं. ऑफिसात कॉफीच्या वेळी कोणी नवऱ्याबद्दल कुरकुर केली की मी जरा थांबायचे, कप खाली ठेवायचे, आणि म्हणायचे, 'माझ्या नवऱ्यानं ना…' नवीन कोणी आलं की पुन्हा पहिल्यापासून. एकदा दंतवैद्याला सांगितलं, तोंडात कापूस असताना. म्हणजे लोक मला टोचून बोलायचे तेव्हा, खरं सांगू, आत कुठेतरी बरं वाटायचं. बोला, बोला, त्यानं सोडलं ते माझ्यासाठीच – आमच्यासाठीच – थांबा. हे मी तुम्हाला कशाला सांगतेय? तुम्ही जाऊन कागदावर उतरवाल.

काय म्हणालात? शनिवारपर्यंत? शनिवारपर्यंत काही बोलू नको. हं. समारंभाला चार हजार लोक येणार, तिकिटं संपली, उल्रिकचा तेवीस नंबरचा सदरा मानानं वर छताला टांगला जाणार. आणि दोरी कोण ओढणार? हेड्डा. आणि ती दोरी ओढत असताना भोंग्यातून तुमचा अध्यक्ष सांगणार, 'हिच्यासाठी, या छोट्या मुलीसाठी.' आणि आल्विन खाली बसून ऐकणार. गुनिला ऐकणार. त्यानंतर ते तिच्या अंगावरून धुऊन निघेल का कधी? माझं जाऊ द्या, मी फावड्यानं बर्फ उपसत राहीन. पण खोट्याची दोरी माझ्या मुलीच्या हातात द्यायची, आणि तीही हसत ओढेल, फोटोसाठी?

उल्रिकला नाही विचारलं अजून. तो दुकानात टायर बदलतोय, संध्याकाळी येईल, मग त्याचं बघते. आधी मुलगी. तिला आत्ता सांगणार, तुमच्यासमोर. बरोबर करतेय का? मला काय माहीत, मला गाजर किती वेळ शिजवायचं तेही आईला फोन करून विचारावं लागतं. पण हे कोणाला विचारू? ज्यांना विचारायचे ते सगळे या कागदावर आहेत.

नाही, फाइल घ्या तुम्ही. कागद मी ठेवलाय. आणि तुमच्या पुस्तकाचं ते पान कोरं छापा. बूट दाराशी आहेत. म्हणजे – नाही, बसा, ऐकून जा.

हेड्डा! हेड्डा, आत ये जरा. बूट दारातच काढ, बर्फ झटक, तिथे नको, बाहेर. ये. बेंग्टकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. गाल किती गार झालेत बघ. ऐक, काल आल्विन जे म्हणाला ना, ते खरं नाहीये. पप्पा तुझ्यामुळे नाही थांबले. त्यांना खेळायचं होतं. क्लबलाच ते नको होते, मोठ्या माणसांनी एका मीटिंगमध्ये हात वर केले, आणि झालं. तुझा काही संबंध नव्हता, तू तीन आठवड्यांची होतीस, नुसती झोपायचीस. तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही. कळलं ना? काय गं, अशी का बघतेस? 

"मला माहितीये, मम्मा. पप्पांनी सांगितलंय मला. पण ते म्हणाले, मम्माला सांगायचं नाही. तिला ती गोष्ट खूप आवडते."