डाव्या कानाची खाच

जबाब देणार : औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळणारी बाई. वय ५३. धंदा नोकरी, एकोणीस वर्षे. राहणार कंपनीमागच्या गल्लीत, लॉन्ड्रीच्या वर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, फ्रीजरची चावी मी चोरलेली नाही. ती रोज माझ्याच कमरेला असते. प्रयोगशाळेच्या साहेबांचा तक्रारीचा फोन आला तेव्हा मी इथे ठाण्यातल्याच बाकावर बसले होते. चोर असा आपणहून येतो का?

क्षयाचा जंतू काही माणसांच्या अंगात नुसता झोपून असतो. खोकला नाही, ताप नाही. त्याला झोपेतच मारायचं औषध आमच्याकडे बनतंय. उंदरांना तीन महिने औषध देतात, मग बंद करून जंतू उठतो का ते बघतात. औषधवाल्या उंदराच्या डाव्या कानाला मी खाच पाडते, नुसत्या पाणीवाल्याच्या उजव्या. पिंजऱ्यावर 'औषध' नाहीतर 'पाणी' असं कार्डही असतं, ते साहेब लोकांसाठी.

गेल्या पंधरवड्यात अकरा उंदीर धापा टाकून मेले. सगळे डाव्या कानाचे. आज सकाळी बघते तर त्यांच्या पिंजऱ्यांवर 'पाणी' लिहिलेली नवी कार्डं. अक्षर साहेबांचं. विचारलं, तर म्हणाले, "बाई, तुम्ही लेंड्या काढा. विज्ञान आम्ही बघतो." वर फ्रीजरमध्ये ठेवलेले ते मेलेले उंदीर दुपारच्या आत जाळून टाका म्हणाले. नावापुढे दीड ओळ पदव्या, पण या गृहस्थानं सहा वर्षांत एकदाही उंदराचा कान बघितलेला नाही. दारातूनच नाकाला रुमाल. लबाडी करायची तर तीही धड जमली नाही.

माझी मुलगी क्षयाच्या वॉर्डात नर्स आहे. तिच्या रक्ततपासणीत तो झोपलेला जंतू निघाला. हेच औषध सोमवारपासून माणसांना देणार, यादीत तिचं नाव तिसरं. जुन्या गोळ्या आहेत, पुष्कळ दिवस घ्याव्या लागतात, पण लागू पडतात. त्या सोडून ती याच्यासाठी थांबली. मला म्हणाली, "आई, तुझ्या उंदरांनी घेतलंय ना गं? मग मला कसली भीती?"

म्हणून फ्रीजरला कुलूप घालून तडक इथे आले. चावी साहेबांच्या हातात मेले तरी देणार नाही. तुम्ही चला, बाहेरचा डॉक्टर आणा, तोंडाला मास्क लावा आणि त्यांच्यासमोर अकरा कान मोजा.

लिहिलेलं मला वाचून दाखवलं. त्यात जागोजागी 'साहेब' आलंय, तेवढं चूक आहे. बाकी मी सांगितलं तसंच बरोबर आहे.