अंगुस्तान

मुलगी : परत कलली ही तुमची नमुन्याची हातभर बोट. बघा बाबा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. उजव्या कुशीवर आडवी झालीय.

बाबा : फरशीला उतार आहे न्हाणीघराच्या. टब तिरका असणार.

मुलगी : टब तिरका असला तरी पाणी तिरकं होत नाही!

बाबा : ओरडू नकोस, चिमे. काल मी एकट्याने सोडली होती, तेव्हा ताठ उभी होती. तू हात लावलास आणि कलली.

मुलगी : मी दिवसभर गोदीत लोकांच्या बोटींची हीच गणितं करते. सुट्टीच्या दिवशी घरी येऊन या टबापुढे उकिडवी बसलेय, ती तुमच्यासाठी. आणि वर माझाच हात वाईट?

बाबा : बरं, चुकलं. पण काहीतरी बिनसलंय खास. चाकं वर घेतलीस ना?

मुलगी : घेतली. चाकं वर, शीड खाली, सुकाणू सरळ. जमिनीवरून पाण्यात उतरताना जसं असेल तसंच. घोळ तुमच्या सामानाचा आहे. बॅटऱ्या उजवीकडे, पाण्याची टाकी उजवीकडे, शेगडी उजवीकडे. उजव्या बाजूने काय नवस केला होता का?

बाबा : ते मुद्दाम आहे.

मुलगी : मुद्दाम? बाबा, आयुष्यभर बसच्या बॉड्या बांधल्यात, मान्य. पण बसला खालून रस्ता धरून ठेवतो. पाणी नाही धरत कुणाला. जिकडे वजन, तिकडे बोट.

बाबा : मला समजतं तेवढं. थांब. तू आतून काही काढलंस का?

मुलगी : काही नाही. डावीकडच्या बिछान्यावर शिवताना बोटात घालायचं एक जुनं अंगुस्तान पडलं होतं, आत शिसं भरलेलं. कचरा म्हणून बाजूला टाकलं.

बाबा : कचरा? अगं, ती तुझी आई आहे!

मुलगी : काय?

बाबा : तुझी आई. ती डावीकडे, म्हणून जड सामान उजवीकडे. दोन्ही बाजू सारख्या. ठेव परत तिला.

मुलगी : देवा! बाबा, माणसाला असं वजनात धरत नाहीत. माणूस उठतो, फिरतो, पाणी प्यायला जातो.

बाबा : ती नाही हलत. डावीकडेच झोपते, सोफ्यावर डावीकडेच बसते. लग्न झाल्यापासून बघतोय मी.

मुलगी : आणि एवढं शिसं? आई काय हत्ती आहे?

आई : कोण हत्ती?

(आई ओल्या कपड्यांची बादली घेऊन दारात उभी आहे.)

मुलगी : कुणी नाही गं. आत ये. नको, येऊ नकोस.

आई : सकाळपासून कपडे भिजवून बसलेय आणि टबात यांचं जहाज. आणि माझं अंगुस्तान कुठाय? शिवणाच्या क्लासला मुली बसल्यात समोर, सगळा डबा उलटा केला. हे काय? हे माझंच आहे! यात काय ओतलंत?

बाबा : शिसं. नुसती तू नाहीस त्यात. तुझं मशीन, कापडाचे तागे, बरण्या, सगळं धरलंय. काही मागे ठेवायचं नाही आपल्याला.

आई : आपल्याला?

बाबा : म्हणजे आपण जाणार ना. विजेची तार नको, नळ नको, कुणाचं बांधलेपण नको. वरती सोलर, मागे पाणी शुद्ध करायचं यंत्र. कंटाळा आला की किनाऱ्याला लागायचं, चाकं खाली सोडायची, आपण रस्त्यावर.

आई : ऐकलंस? आपण. हे घर आपण घेतलं, ते मला किल्ली हातात पडल्यावर कळलं. बाहेरचा रंग आपण ठरवला, हा जांभळा. लोक पत्ता सांगताना अजून हसतात. आता आपण समुद्रात राहणार. या 'आपण'मध्ये मी कधी असते हो? मला कुणी विचारलं?

बाबा : तुझी जागा तर सगळ्यात आधी आखली. पहिली रेघ तुझ्या बिछान्याची.

आई : डावीकडे.

बाबा : तुला डावी बाजू आवडते.

आई : उजवीकडे तुम्ही हातपाय पसरून असता, म्हणून मी डावीकडे! आवडते म्हणे.

मुलगी : आई, जरा हळू.

आई : तू मध्ये पडू नकोस. नकाशे तूच काढून दिलेस ना यांना?

मुलगी : मला म्हणाले, आई तयार आहे.

आई : असं म्हणालात तुम्ही?

बाबा : नाही म्हणाली नव्हतीस.

आई : विचारल्याशिवाय नाही म्हणायचं कसं?

बाबा : हे बघ, उगाच वाढवू नकोस. तुझ्याशिवाय ती कलते. चिमी साक्षीला आहे. तू नसलीस तर बोट उभी राहत नाही, याहून मी काय सांगू?

आई : हे प्रेमाचं बोलताय की वाळूच्या गोणीचं?

बाबा : दोन्ही एकच आहे माझ्या डोक्यात.

आई : तीच तर बोंब आहे. मी उठून दुसऱ्या बाजूला बसले तर बुडणार तुम्ही. आणि मी क्लासला इथेच राहिले तर?

बाबा : म्हणूनच नाही विचारलं.

आई : काय?

बाबा : विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर हे सगळं इथेच, टबात राहिलं असतं. एकट्याने कुठे जाणार मी? मला साधा चहा करता येत नाही. भीती वाटली, झालं.

(आई ओल्या हाताने डोळे पुसते.)

मुलगी : आई, रडतेस का?

आई : साबण गेलाय डोळ्यात. तू सांग, हे माझ्याशिवाय सरळ राहील असं करता येतं की नाही?

मुलगी : अगदी सहज. बॅटऱ्या आणि टाकी मधोमध घ्यायच्या, तळाशी. शेगडी समोर. कधीची बोंबलतेय मी!

आई : मग कर. आत्ता, माझ्यासमोर.

बाबा : अगं, सगळी मांडणी बदलेल.

आई : बदलू दे.

मुलगी : हे घेतलं मध्ये. हे खाली. ही इकडे. सोडतेय.

बाबा : डुलतेय.

मुलगी : थांबा. हात काढा, बाबा. बघा, थांबली. सरळ.

आई : मी आत नाही, तरी?

मुलगी : तरी.

आई : आता विचारा.

बाबा : काय?

आई : तुम्हाला ठाऊक आहे काय ते.

बाबा : येशील माझ्याबरोबर?

आई : सांगते. शिवणाचे कोर्स संपले की सांगते. आधी ते अंगुस्तान द्या इकडे, शिसं काढून. मुली खोळंबल्यात.

बाबा : देतो. पण मग डावीकडे आता काय ठेवू?

आई : खिडकी ठेवा. उघडणारी.