हळदकुंकवाचा गार्ड

जुना ग्राइंडर स्वस्तात मिळतोय म्हणून उड्या मारू नकोस, आधी ऐक. उर्स्यात वर्कशॉप टाकताना मी बेडशाच्या एका मावशींकडे गेलो होतो. नवरा वारला म्हणून त्या त्याची हत्यारं विकत होत्या. ड्रिल चांगलं निघालं. ग्राइंडर उचलला, तर चाकावरचा गार्ड, म्हणजे ते पत्र्याचं संरक्षक झाकणच नाही.

“मावशी, गार्ड कुठाय?”

त्यांनी तो पेटीतून काढून दिला. वर हळदकुंकवाचे थर, खाली कोरा करकरीत.

“दर खंडेनवमीला पुजायचे. पर लावला न्हाई कदी. कामात आडवा येतो म्हनायचे.”

“आणि ते गेले कशाने?”

मावशींनी माझ्या हातातल्या ग्राइंडरकडे बोट केलं. “चाक फुटून गळ्यात घुसलं. तुमी गार्ड हितंच बसवा, माज्यासमोर. मगच न्या.”