पाच वेळा खोडलेला शब्द

समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका रायकानबाई, खिंड ओलांडून खास आलेले जिल्हा शिक्षण कार्यालयातले सन्माननीय पाहुणे, व्यासपीठावर बसलेली गावातली पांढऱ्या दाढीची वडीलधारी मंडळी, माझे सहकारी, पालक, आजीमाजी विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेत खिडकीशी बसलेल्या वयोवृद्ध तुर्सुन एजे. एजेंचं नाव मी वेगळं का घेतलं, ते पुढे येईलच. आपणा सर्वांना माझा मनापासून सलाम.

आत्ताच आपण माझ्या खांद्यावर चापानाचा हा नवा लांब अंगरखा घातलात, डोक्यावर काल्पाकाची उंच टोपी चढवलीत. चापान फारच उबदार आहे. मे महिन्याच्या मानानं जरा जास्तच. पण मला जो घाम फुटलाय, तो काही चापानामुळे नाही. रायकानबाईंचं भाषण ऐकताना फुटलाय.

बाई म्हणाल्या, आपले शिक्षक सागिनबेक आगाय यांनी या डोंगरातल्या मुलांना इंग्रजीतून चरित्र लिहायला शिकवलं. जिल्ह्यात पहिला क्रमांक आणला. बक्षिसाचा कागद आजही आपल्या शाळेच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत आहे. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्या कागदाइतकं माझं कौतुक दुसऱ्या कशानं झालं नाही. आणि खरं सांगू का? त्या कागदाइतकी लाजही मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

आज ते सांगून टाकतो. पेन्शनीत निघालेल्या माणसाला कोण काय करणार?

तुम्हाला आठवत असेल, तेरा वर्षांपूर्वी वरून फर्मान निघालं, की सहावीच्या मुलांनी इंग्रजीत चरित्र लिहायचं. आधी मी मुलांना मोठमोठी माणसं दिली. सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उतरवलं, चुकांसकट. मग म्हटलं, घरातलं माणूस घ्या. फळ्यावर सहा चौकटी आखल्या. जन्म कधी, आईवडील कोण, शिक्षण, काम, कठीण प्रसंग, आणि लोक या माणसाला का आठवतात. एका पठ्ठ्यानं काय लिहून आणलं असेल? ‘माझे आजोबा जन्मले. त्यांच्याकडे दोनशे मेंढ्या होत्या. ते वारले. आभारी आहे.’ दुसऱ्यानं घोड्याचं चरित्र लिहिलं, आणि आईवडिलांच्या चौकटीत घोड्याच्या चार पिढ्या अचूक दिल्या! हसू नका, तो आज आपल्या पाहुण्यांच्या कार्यालयात नोकरीला आहे. त्या घोड्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले होते. घोड्याच्या बाबतीत मी किती उदार होतो बघा.

मग गुलबाराची वही आली. गुलबारा आज जिल्ह्याच्या दवाखान्यात नर्स आहे, रजा काढून आलीय, एजेंच्या शेजारीच बसलीय. तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिनं लिहिलं होतं, ‘माझ्या आईचं नाव तुर्सुन. ती १९४५ साली जन्मली. मी १९९९ साली जन्मले. मी चाळीस दिवसांची असताना तिनं मला खोगिरावर पुढ्यात घेऊन घरी आणलं. माझी आई घोड्यांचं दूध काढते. तिची बोटं फुटलेली असतात. थंडीत मी शाळेतून आले, की ती माझे हात आपल्या काखेत धरते आणि म्हणते, बेडकं आणलीस का गं?’

इंग्रजीत बेडूक हा शब्द कुठून शोधला होता पोरीनं, देव जाणे. मी शिकवला नव्हता.

आता, थोरल्या मुलाचं पहिलं मूल आजीआजोबांच्या पदरात घालायचं, ते मूल त्यांनाच आईबाप म्हणणार, ही आपल्याकडची रीत इथे कोणाला सांगायला हवी? गुलबाराला जन्म देणारी बाई शहरात राहायची, नूरुझच्या सणाला यायची, आणि गुलबारा तिला वहिनी म्हणायची. यात कोणी कोणाला फसवलेलं नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मलाही.

आणि मी काय केलं? लाल पेन घेतलं आणि वजाबाकी केली. चोपन्न. चोपन्नाव्या वर्षी कोणाला मूल होतं का? स्पर्धेचे परीक्षक राजधानीतून येणार होते. ते हसतील, म्हणतील, या गावच्या मुलांना साधी तारीख लिहिता येत नाही आणि त्यांच्या शिक्षकाला वाचता येत नाही. मी ‘आई’ खोडून ‘आजी’ केलं. सबंध वहीत पाच ठिकाणी. आणि दुसऱ्या चौकटीत शहरातल्या बाईचं नाव माझ्या हातानं घातलं.

गुलबारानं विचारलं, “आगाय, म्हणजे मी खोटं लिहिलं होतं?”

मी म्हणालो, “कथेत काहीही चालतं. चरित्रात खरं लिहायचं असतं.”

केवढं भारदस्त वाक्य! आजही आठवलं की कान तापतात माझे.

स्पर्धा याच सभागृहात झाली. गुलबारानं इंग्रजीतून वाचलं. सुंदर वाचलं. गावकऱ्यांना कळावं म्हणून मी माइकवरून आपल्या भाषेत सांगितलं, “आपल्या गुलबारानं तिच्या आजीचं चरित्र लिहिलंय.” तुर्सुन एजे तेव्हाही पहिल्या रांगेत होत्या, पांढरा रुमाल बांधून, मांडीवर तळलेल्या बोरसोकांचं गाठोडं घेऊन. माझं वाक्य ऐकून त्यांनी मान वळवली आणि मागे पाहिलं. कोणाची आजी आलीय, ते बघायला.

मग त्यांना कळलं. कळताना मी पाहिलं. आणि मी पुढच्या स्पर्धकाचं नाव पुकारलं.

आठ दिवसांनी एजे शाळेत आल्या. मी वर्गाच्या दारात उभा होतो. त्या म्हणाल्या, “आगाय, माझ्या पोरीला काय शिकवलंत? घरात मला आजी म्हणायला लागलीय.”

“एजे, खरं तेच आहे ना ते? उद्या पासपोर्ट काढताना कळणारच होतं तिला.”

“कळायचं काय राहिलंय? मी काय चोरून आणली तिला? पाळण्यात होती तेव्हापासून सांगितलंय. माहीत असणं वेगळं, आगाय, आणि हाक मारणं वेगळं. एवढी पुस्तकं वाचलीत, हे कुठे लिहिलेलं नव्हतं?”

मग त्यांचा आवाज खाली आला. “तुमच्या लाल शाईवर तिचा फार विश्वास. माझ्यावर नाही आता. खाली एवढंच लिहा, की तिचं बरोबर होतं. दोन शब्द. लिहाल ना?”

“लिहितो,” म्हणालो. “पुढच्या आठवड्यात.”

पण तोवर गुलबाराच्या त्या चरित्राला बक्षीस आलं होतं. कागद चौकटीत गेला होता. चूक कबूल करायची, तर जिल्ह्याला कळवावं लागलं असतं, आणि माझं नाव तेव्हा बढतीच्या यादीत होतं. म्हणून पुढचा आठवडा काही उजाडला नाही. बढती मिळाली. एजे पुन्हा कधी विचारायला आल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या की माझी विचारपूस करायच्या, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायच्या. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इथे थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, आगाय फारच हळवे, नियमाचा माणूस, नियमानं चुकला. पण नियमाच्या मागे लपून तेरा वर्षं काढली, आता पुरे. माझी थोरली लेक जिल्दिझ माझ्या आईपाशी वाढली, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती मला दादा म्हणते. आजही. रीत मीच पाळली, माझ्या हातानं तिला दिलं, आणि कधी ब्र काढला नाही. गुलबाराची वही तपासली, त्या सकाळी जिल्दिझ लग्न ठरल्याचं सांगायला आली होती. “दादा, तुम्ही याल ना?” म्हणाली. पाहुण्याला विचारावं तसं. त्यानंतर मी शाळेत आलो आणि दुसऱ्याच्या लेकीच्या वहीत ‘आई’ हा शब्द पाच वेळा खोडला. परीक्षकांची भीती होती, नाही असं नाही. पण एवढ्या जोरात पेन दाबायला भीती पुरत नाही. कागद दोन ठिकाणी फाटलाय. मला माझ्या आईला काही बोलता आलं नाही, ते मी तुर्सुन एजेंवर काढलं. त्यांच्याच लेकराच्या तोंडून, भर सभेत. मला याची लाज वाटते. दुसरा शब्द मला सापडत नाही, इंग्रजीतही नाही, आणि आपल्या भाषेतही नाही.

मागे एकदा मी धीर करून गुलबाराला विचारलं, “अजून आजीच म्हणतेस?” ती म्हणाली, “सवय झाली, आगाय. आता आई म्हणायला गेले तर तीच दचकेल.”

रायकानबाई, भिंतीवरची चौकट मी आज सकाळी उतरवली. तुम्हाला विचारलं नाही, क्षमा असावी. जिल्ह्याच्या पाहुण्यांना विनंती, की जाताना ती घेऊन जावी आणि सोबतचं माझं पत्रही. गुलबाराची मूळ वही मात्र ही बघा, माझ्या हातात आहे. फेकायचं धाडस तेव्हाही झालं नाही. खोडलेलं पुसता येत नाही. पण खाली लाल शाईनं लिहिलंय, ‘मूळ बरोबर होतं. शिक्षकाचं चुकलं.’ सही, तारीख. एजे, दोन शब्द म्हणाला होतात, पाच झाले. आणि आठवडा जरा लांबला.

बोलणं फार झालं. जेवण निवतंय, स्वयंपाकघरातून दोनदा खुणा झाल्या. आपण मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, वर हा चापान दिलात, त्याबद्दल मी आपल्या सर्वांचा ऋणी आहे. आजच्या भाषणात काही वेडंवाकडं गेलं असेल, तर ते आपण पोटात घालाल, याची खात्री आहे. वहीतल्या चुकीची माफी मात्र या सभागृहाकडे मागून भागणार नाही.

गुलबारा, बाळ, वर ये. ही तुझी वही घे. वाचायची नसेल तर नको वाचूस, सरळ घरी घेऊन जा, कोणी काही म्हणणार नाही. वाचलीस तर पहिलंच वाक्य वाच, आणि इंग्रजीत नको. घरी बोलतो त्या भाषेत.

आणि एजे, या वेळी मागे वळून बघू नका. ते तुमच्याबद्दलच आहे.