गंगूचा हिरवा दोरा

हसू नका, पण लेकीला हिंदू-मुसलमान समजावायला गेले आणि मीच अडकले. आमच्या वालूरात निजामाचे रझाकार येणार अशी आवई उठली होती. भीतीनं मी सहा वर्षांच्या गंगूला म्हणलं, “आता शेजारच्या खालाकडं खेळायला जायचं न्हाई.”

“का?”

“ते मुसलमान, आपण हिंदू. त्यांचा देव येगळा, आपला येगळा. त्यावरून भांडणं चाललीत.”

तिनं गळ्यातला हिरवा दोरा पुढं केला. “मंग मोहरमात मला फकीर कशाला केलं?”

“तू तापानं फणफणली होतीस. पोरगी बरी झाली तर फकीर करीन, असा मोहरमातल्या पंजाच्या सवारीला नवस बोलले होते.”

“हिरवा सदरा खालानंच शिवला ना?”

“हो.”

“मंग ताप आला तरच आपण त्यांचे का?”

तेवढ्यात भिंतीपलीकडून खालाचा आवाज आला, “बाई, जवाब दे लवकर. मी बी कवाची ऐकायलेय.”

लाजेनं माझे कान तापले. गंगूला म्हणलं, “जा, खालालाच विचार.” ती उंबऱ्यापर्यंत गेली, तशी मी पदर सावरला. “थांब, मी बी येते.”