बिनउंबऱ्याचं घर

दंड सोड, बसतो की. हां, बसलो, झालं? — वाचमन हायस ना तू, मग दार राख, म्हाताऱ्याला कामून धरून राहिलास? मी पिराजी, जळकोटचा, आतल्या बबिताचा आजा. हाव, तीच, नाच बंद पडला म्हणून रडून राहिली ती. माझ्यामुळं म्हणतोस? — थू! नाच म्हणत्यात त्याला? पोरं चौकड्याचे घागरे नेसलेली, समोर पोरींची रांग, अन् म्हशीच्या पोटावर बसल्यागत वाजणारा तो बाजा. स्कॉटलंडचा नाच म्हणं, अन् त्यात घर जपानचं! घरं बांधायचं शिकती ना ती हितं नांदेडात, तवा तिनंच बसवला. पोरं सरकली की दारं सरकली. चौघांनी मनगटं धरली की बिनखिळ्याचं लाकडात लाकूड बसलं. दोघांनी हात वर जोडले की झाली चौकट. उंबरा कुठाय? न्हाईच! कडी न्हाई, कोयंडा न्हाई, दारं म्हणं कागदाची — असल्या घरात शेळी तरी बांधल का कोणी?

पण फोनवर काय म्हणली? "आबा, आम्ही स्टेजवर घर उभं करणार आहोत, तुम्ही याच." घर उभं करायचं म्हणल्यावर मोकळ्या हातानं येतंय का माणूस? हळद, कुंकू, नारळ, हिरवा खण — समदं पिशवीत घालून आलो. चौकट उभी राहिली की पुजावी लागती, मग ती जपानची का असंना! दोघांनी हात वर केले, त्यातली एक तीच, दुसरा एक घागरेवाला, अन् मी चढलो वर. दोघांच्या मनगटाला हळदकुंकू लावलं, खण बांधाया गेलो — तर समदी माणसं हसाया लागली, बाजा बंद, नंबर देणारे साहेब बी खी खी. दात काढू दे त्यांना, मला काय त्याचं? पण ती हसली न्हाई. "खाली उतरा," म्हणली. आबा बी म्हणली न्हाई. आईमाघारी मी वाढवली रे तिला, वेणी घालाया शिकलो ह्या हातानं — जाऊ दे, तुला काय करायचं. जळकोटची गाडी लागली असंल. म्हातारा गेला म्हणून सांग, अन् पुन्यांदा ह्या घाणीत —

कोण आलं? तीच का? तो घागरेवाला बी संगट हाय...

मनगट दाव गं. पुसलं न्हाईस?... अन् तू रे घागऱ्या? तू बी न्हाई?

सायबांनी पुन्यांदा नाचायची परवानगी दिली म्हणती? अन् खण राहिला म्हणती? मग करा हात वर. तसं न्हाई, नीट, चौकटीगत — ए वाचमन, तोंड काय बघतोस? नारळाला दगड आण. जा!