प्रोग्राममधल्या गमती

डोळ्यांत औषध घालून डोळे मिटून बसायला सांगितलं, की माणसाचे कान आपोआप उघडतात. दवाखान्यात शिंपीणबाईंचं तेच झालं. शेजारी कुणीतरी म्हातारे वडील होते आणि त्यांची लेक.

"बाबा, या वयात कॉम्प्युटरची नवी भाषा शिकायचं काय अडलं होतं?"

"जुनीत सगळी इंग्रजी कॅपिटल अक्षरं. जन्मभर ओरडल्यासारखं वाटायचं."

"आणि नवीत काय दिवे लावलेत? ओळी वेड्यावाकड्या सरकलेल्या चालत नाहीत तिला, तुमचा प्रोग्राम पहिल्याच ओळीत आडवा पडतो!"

"तेव्हा प्रोग्रामची एकेक ओळ एकेका कार्डावर असायची; लहानपणी तू माझ्या त्या कार्डांचं घर बांधलंस. पुन्हा क्रम लावताना जीव मेटाकुटीला आला. बोललो का काही?"

"अजून बोलताय! खरं सांगा, शिकलात कशाला?"

"तुझे प्रोग्राम वाचायला. इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवतेस ना? रोज वाचतो."

"अहो, त्यात काय वाचायचंय?"

"ओळींच्या मधेमधे, वाचणाऱ्या माणसांसाठी गमती लिहायचीस. 'या ओळीला हात लावाल, तर साहेब रडतील.' एकटाच हसत बसायचो."

"मग फोन करायचा की!"

"फोनवर तू नेहमी मजेत असतेस. प्रोग्राममधल्या गमती मात्र उन्हाळ्यापासून बंद आहेत."

लेकीने नाक ओढल्याचा आवाज आला. तेवढ्यात नर्स आली. "आजोबा, चला आत."

"या बाईंना आधी घ्या. आम्हाला जरा वेळ लागेल."

शिंपीणबाई भिंतीला धरून उठल्या आणि आपला धुतलेला रुमाल मुद्दाम खुर्चीवर विसरल्या.